दर बारा सेकंदांनी

हॅलिफॅक्स, मार्च सत्त्याण्णव.
बंदरावर धुकं इतकं
की समोरची गोदी फक्त कानांनी ओळखायची.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही सातजण
वेबपानाला हलायला शिकवत होतो.

तोवर पानं म्हणजे भिंतीवरच्या नोटिसा.
मजकूर, दुव्याखाली निळी रेघ,
फार तर एखादं लुकलुकणारं अक्षर, डोळ्यांत गेल्यासारखं.

माझं काम किरकोळ: मॅन्युअल लिहायचं.
कोणत्या फंक्शनला काय द्यायचं,
ते काय परत देतं,
आणि नाही दिलं तर कसं रुसतं.

या इंटरफेसची गंमत अशी
की त्याला ‘हल’ म्हणायचं नसतं.
इकडून तिकडे जा, थांब, माघारी ये,
असली हुकूमत त्याला चालत नाही.
आपण फक्त नातं सांगायचं:
वेळ एवढी असेल, तेव्हा तू इथे.
मग वेळ जाईल तशी
वस्तू आपली आपण जात राहते.

रॉडरिक मॅकआयझॅक, ज्यानं हे रचलं,
फळ्यावर एकच शब्द लिहायचा, ‘वेळ’,
आणि खडू खाली ठेवायचा.
पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पहिल्या धड्याला उदाहरण हवं होतं.
सगळे चेंडू उडवतात.
ओडील कोमो म्हणाली, दीपगृह घे.
तिचे वडील तेओफील, तेवीस वर्षं दिवा राखलेले;
मग बेटावर यंत्र बसलं
आणि त्यांना किनाऱ्यावर आणून सोडलं,
सोबत पेन्शन आणि एक पितळी घड्याळ.

कोडच्या अकरा ओळी.
काळा चौकोन, त्यात पिवळा झोत,
बारा सेकंदांत एक फेरी.
भोंगा तेओफील यांच्याच कॅसेटवरचा.
त्यात मागे कोणीतरी खोकतं.
काढायचं राहिलं, मग काढावंसं वाटेना.

भांडण वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं.
खिडकी खाली सारली, पान झाकलं गेलं,
तर दिवा फिरावा का?

कशाला, रॉडरिक म्हणाला,
बघत कोणी नाही, प्रोसेसर फुकट तापतो.
थांबवू. उघडलं की तिथूनच पुढे.

मग ते दीपगृह नव्हे, ओडील म्हणाली,
फ्रिजमधला दिवा.

दुपार त्यातच गेली.
कोणी चार्जिंगचं बोललं, कोणी तत्त्वाचं,
कोणी नुसतंच जोरात.

शेवटी म्हातारबाबांनाच बोलावलं.
ते रबरी बूट घालूनच आले,
गालिच्यावर दोन ओले ठसे.
पडद्यासमोर तीन फेऱ्या उभे,
ओठ हलत होते.
“बारा. बरोबर आहे.”
मग प्रश्न ऐकला, आणि हसले:
“जहाज दिसलं नाही असे महिने काढलेत मी.
पण डिझेल वाचवा म्हणणारे साहेब
दरवर्षी न चुकता यायचे.”

एवढंच. कोणाच्या बाजूनं बोलले,
ते अजून ठरलेलं नाही.

रॉडरिकनं त्याचा पर्याय केला: हो किंवा नाही.
मूळ किंमत मी लिहायची होती.
सगळे जेवायला गेल्यावर मी लिहिलं: हो.
माझ्या नोकरीतला तेवढाच एक निर्णय.

नऊ वर्षांनी इंटरफेस गेला.
सुरक्षेचं कारण, दीड ओळीचं निवेदन,
‘यापुढे आधार मिळणार नाही’.
ज्या ज्या पानांवर काही हलत होतं
तिथे करडा चौकोन उरला,
कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण.

परवा ओडीलच्या तळघरात
जुना संगणक सापडला, लोणच्याच्या बरण्यांमागे.
सुरू झाला, कुरकुरत.
पान उघडलं की त्याची वेळ शून्यापासून,
उघडणाऱ्या प्रत्येकाची रात्र नवी.
झोत आला. भोंगा. खोकला.
ओडीलनं मान वळवली, बरण्या नीट लावल्या.

मी खिडकी खाली सारली.
आम्ही चहा केला, प्यायलो,
मनगटावरच्या घड्याळात बघत राहिलो.
हिशेबानं झोत आता पश्चिमेला हवा.

उघडलं.
पश्चिमेलाच होता.