करवंटीचा कोळसा

मंगळवारी झेनियाने मुठी मिटल्या.
दिवसभर पाण्याला धरत-सोडत बसणारे ते लहान पंजे
संध्याकाळी ओल्या लोकरीसारखे खडकाला चिकटलेले.
बोहुमिल म्हणाला, झोपलेत.
बुधवारी तो तसं म्हणाला नाही.

आमच्या देशाला समुद्र नाही.
ऑस्त्रावात नदी आहे, खाणीच्या मातीचे डोंगर आहेत,
आणि तिसऱ्या मजल्यावर, सोफ्याच्या जागी,
तीनशे लिटर समुद्र आहे.
तो दर शनिवारी बादलीत मीठ घालून ढवळला जातो,
माझ्या सुपाच्या डावाने.

एकतीस वर्षं हा माणूस जमिनीखाली पंप दुरुस्त करत होता.
खाण बंद पडली तेव्हा गुडघे आधीच बंद पडले होते.
आता त्याच गुडघ्यांवर, काचेपुढे, रात्रीचे दोन,
हातात टॉर्च, तोंडात आकडे:
खारटपणा पस्तीस. तापमान पंचवीस. क्षारता आठ.
नळ्यांतले रंग सगळे शहाण्यासारखे.
"सगळं ठीक आहे," तो म्हणाला,
खाणीचा डॉक्टर त्याच्या छातीचा फोटो बघून
म्हणायचा, त्याच सुरात.

गुरुवारी हिरवी चटई करडी पडली.
छत्रीवाल्याने अंगावर मेणचट साल धरली.
ती तो धरतोच, वर्षातून दोनदा कात टाकतो,
पण या वेळी देठातून वाकलेला.

मग संशय सुरू झाले.
आधी दिव्यावर. मग मिठाच्या नव्या पिशवीवर.
मग माझ्यावर: खिडकीवर काय फवारलंस?
व्हिनेगर, मी म्हटलं, आणि फवारलं नाही, पुसलं.
मग खालच्या श्रीमती फोल्टिनोव्हांवर,
त्या जिन्यात सुवासिक काहीतरी मारतात.
तो खाली गेला, बोलला, वर आला,
हातात आलुबुखारांचा केक.
संशय मिटला.

दुकानातला रादिम, कानात तीन बाळ्या,
फोनवर म्हणाला: एक मऊ प्रवाळ बिनसला
की पाण्यात विष सोडतो, बाकीचे पितात.
कोळसा कधी बदललात?
बोहुमिलने फोन ठेवला.
"कोळसा," तो म्हणाला. "मला विचारतो."

शनिवारी पाणी काढताना त्याने आतला पंप उचलला
आणि माझ्या पांढऱ्या टॉवेलवर ठेवला. न विचारता.
मी टॉवेल ओढला, रागानेच.
त्यावर नारिंगी डाग, लांबट.
असे डाग मी एकतीस वर्षं त्याच्या सदऱ्यांवरून काढलेत.
हे काय गंजतंय? मी विचारलं.
त्याने चुंबक उजेडात धरला.
कवचाला केसाएवढी चीर, आत धातू फुगलेला.
ते तपासायची बाटली त्याच्या पेटीत नव्हतीच.

दुसऱ्यांचे पंप तो भिंतीआडून ऐकून सांगायचा
कुठे काय झिजलंय.
"हा वाजला नाही," एवढंच म्हणाला.

जाळीच्या पिशवीत काळे दाणे.
नळाखाली धुताना सिंकमधून काळं पाणी गेलं
आणि मला एकदम एकोणऐंशी सालच्या
त्याच्या मानेचा वास आला.
हा तुमच्या खाणीतला नव्हे बरं, रादिमने बजावलं होतं,
नारळाच्या करवंटीचा.
बोहुमिलने एक दाणा दातांखाली धरला.
"परदेशी," म्हणाला, आणि थुंकला.

झेनिया परत आली नाही.
हिरवी चटई कडेने हिरवी आहे, की मला तसं दिसतं.
आज अकरावा दिवस. छत्रीवाल्याची साल
एका बाजूने सुटून प्रवाहात लोंबतेय,
आणि तिच्याखाली सात बोंडं उघडी.
मी दोनदा मोजली. त्याला उठवलं नाही.
तो खुर्चीतच झोपलाय, टॉर्च चालू,
मधूनमधून खोकतो,
आणि सातही बोंडं आत जातात, परत येतात.