पाणी वर चढवणं

फोनवर सबनीससाहेब एवढंच म्हणाले,
"न्हाणीत घोट्याएवढं साचलंय. पंप गुरगुरतो, ओढत नाही."
मी विचारलं, कुठली सोसायटी?
ते म्हणाले, तिघरा. धरणावर. बोट.

दौलतगंजातल्या माझ्या दुकानात
मिक्सर येतात, कूलरचे पंप येतात,
लग्नसराईत एखादा जनरेटर.
बोट कधी आली नव्हती.
मीच गेले तिच्याकडे,
स्कूटरवर पायांमध्ये हत्यारांची पेटी धरून.

घरात पाणी आपलं आपण जातं.
उतार दिला की झालं.
इथे न्हाणीचा तळ तलावाच्या पातळीखाली:
भोक पाडलं तर जाणार नाही, येईल.
म्हणून अंगावरचं पाणी आधी एका डब्यात पडतं,
डब्यात तरंगता गोळा, तो उठला
की पंप जागा होतो आणि मळ वर चढवतो.
वर.
हे कळायला मला पाच मिनिटं लागली,
मान्य करायला दहा.

बोटाने गोळा उचलून पाहिला. गुर्र झालं.
म्हणजे स्विच निर्दोष.
बॅटरीपाशी बारा पॉइंट सहा, पंपापाशी जेमतेम नऊ.
मधले साडेतीन कुठे सांडले ते शोधत
पोटावर पडून वायरीवरून हात फिरवत गेले.
फळीखालच्या जोडावर हिरवं पीठ चढलेलं.
कापलं, तासलं, नवी टोपी दाबून बसवली.
आता पंप ओरडायला लागला.
पाणी तसंच.

"छत्तीस वर्षं वॉटर वर्क्समध्ये काढली," साहेब वरून म्हणाले,
"अख्ख्या लश्करला पाणी चढवलंय."
मी म्हटलं, टॉर्च जरा डावीकडे धरा.

जाळीतून निघाले करडे केस, साबणाची साय,
शिकेकाईचा तपकिरी लगदा.
साहेब तलावाकडे तोंड करून उभे राहिले.
पंप उघडला. रबरी पडद्यामागे झडप,
झडपेत शिकेकाईचं एक देठ, तिळाएवढं.
तेवढ्याने ती मिटत नव्हती;
जितकं वर, तितकं परत.
देठ तळहातावर घेऊन दाखवलं,
जरा ऐटीतच. जोडलं, चालू केलं.
नाही.

मग नळीला तोंड लावून फुंकलं.
फुंकर गेली, थांबली,
आणि माझ्याच तोंडात परत आली.
चव विचारू नका.

नळीचा माग काढला. बोटीच्या कुशीत
पाणी बाहेर सोडायचं भोक होतं,
त्याला लाकडी बूच, वरून डांबर.
नळी तिथून वळसा घेऊन मागे,
एका निळ्या पिंपात.
पिंप काठोकाठ.

"भोक बुजवलंत का?"
"हेच पाणी प्यायला पाठवायचो ना मी," साहेब म्हणाले.
"तुमच्याकडेही."
मग जरा वेळाने,
"पिंप रामनरेश केवट रिकामं करायचा.
आठवडा झाला, सुरतेला गेला.
मागे जाऊन मी कधी पाहिलंच नाही
ते भरतं कधी."

तेरा बादल्या झाल्या.
चढ चढून, बाभळींच्या पलीकडे,
जिथून ओघळ तलावाकडे येत नाही, तिथे.
साहेबांनी चार नेल्या, पाचवीला दगडावर बसले,
बसल्या बसल्या मला सांगत राहिले
की एका माणसामागे रोज किती लिटर धरायचे.

शेवटी पंपाने एक लांब घोट घेतला.
न्हाणीचा तळ उघडा पडला,
त्यावर साबणाची एक वडी, चपटी, बिचारी.

बिलावर लिहिलं: जोड नवा, झडप साफ.
बादल्यांचं काय लिहावं सुचेना,
म्हणून ती ओळ कोरी सोडली.
साहेबांनी चष्मा लावून वाचलं
आणि कोऱ्या ओळीवरच सही केली.

दुसऱ्या दिवशी आमच्या नळाची पाळी.
पहाटे पाचला हंडा लावण्याआधी
ओंजळ भरून नाकाशी नेली.
कशाचाच वास नव्हता.
फक्त माझ्या हातांना होता, शिकेकाईचा.