चाक बघायला

अकरा वर्षं मी चाकांना हातोडीनं विचारते,
बरं आहेस का?
शिरोलीच्या फाउंड्रीत, तपासणीच्या टेबलाशी.
धड चाक ठणकन उत्तर देतं, लांबवर ऐकू जाईलसं.
आत तडा असेल तर बद्द.
बद्द वाजलं की खडूची फुली, पुन्हा भट्टी.

ठणठणीत चाकं लाकडी पेटीत बसतात.
पेटीवर गावाचं नाव,
अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन टिंबं,
जणू अनुस्वारांना जुळी झाली.
ट्रकवाला म्हणायचा, बर्फाचं गाव हाय अक्का,
माणसं पाळण्यात बसून डोंगरावर जात्यात
आन् घसरत खाली येत्यात.
मग जातात कशाला वर?
पैसं लै झाल्यात, दुसरं काय!

यंदा भिशीचा शेवटचा नंबर माझा.
सासूबाई म्हणाल्या, पाटल्या कर.
व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कशासाठी?
म्हटलं, चाक बघायला.
भाच्यानं, श्रेणिकनं, घाईघाईनं पुढं होऊन
‘पर्यटन’ असं सांगितलं. तो तिकडंच शिकतो.

चाक जातं ट्रकनं, मग जहाजानं,
सत्तेचाळीस दिवस, भाडं किलोवर.
धाकटे मालक नव्या नवरीला घेऊन
त्याच आठवड्यात गेले. काचेच्या छपराची खोली.
एका रात्रीचा दर ऑफिसातल्या पोरीनं सांगितला
तेव्हा मी दोनदा विचारलं, महिन्याचा का गं?
माझं विमान तीन ठिकाणी उतरणारं,
पुढं बसनं चौदा तास,
आठ जणींच्या खोलीत वरची कॉट.
पिशवीत एकवीस कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि नणंदेची लोकरी टोपी, कानाशी उसवलेली.

सगळा हिशेब बसला होता. एक राहिला.
आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं,
आणि डिसेंबरात तिथं सूर्य उगवतच नाही.
दुपारी बाराला डोंगरामागं
जरा जांभळट होतं, वांग्याच्या सालीसारखं,
पुन्हा काळोख.
भाकरी हातात धरून मी खिडकीशी बसून राहिले.
शेवटी रुकडीला आईला फोन लावला.
ती म्हणाली, अंगणात मिरच्या पसरल्यात,
ऊन चांगलं कडक आहे. जेव तू.
तिथं असेपर्यंत रोज
मी रुकडीच्या उन्हावर जेवले.

पाळण्याचं तिकीट माझ्या नऊ दिवसांच्या पगाराचं.
म्हणून खांबाखाली उभी राहिले, मान वर करून.
चाकं फिरत होती, पण एवढ्या उंचावर
आपलं कुठलं, कसं ओळखायचं?
धाकटे मालक डोक्यावरून गेले,
माझ्या चाकांवरून, म्हणजे त्यांच्याच.
वहिनींनी डोळे घट्ट मिटलेले.
मी हात केला. टोपीत कोण ओळखणार?

शेडमागं भंगार होतं.
भंगार सगळीकडं शेडमागंच असतं.
एक चाक अर्धं बर्फात गेलेलं.
हातमोज्यानं पुसलं, तर कडेला आमच्या कारखान्याचा छाप
आणि खाली माझा पंच, प सात.
कॉटच्या कपाटाची किल्ली होती खिशात.
तिनंच वाजवलं.
बद्द.

नऊ हिवाळे माणसं वर नेली त्यानं.
मी बर्फावर बोटानं फुली मारली.
बोट दुखलं, बराच वेळ.

परत आल्यावर शिरोली नाक्यावर बायकांनी घेरलं.
किती खर्च आला? सांगितला.
एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या, सुनंदा म्हणाली.
आल्या असत्या की.
बर्फाचं कुणी विचारलंच नाही.

मंगळवारी टेबलावर पहिलं चाक आलं,
भट्टीची ऊब अजून अंगात असलेलं.
हातोडी मारली. ठण्ण.
ते पार विरेपर्यंत मी ऐकत राहिले.
अक्का, सुपरवायझर ओरडला, झोपलाय काय?
पुढचं घ्या.