स्वयंपाकघराची साक्ष

नाव सांगा, म्हणाले, आणि एकेक अक्षर सुटं करून.
लव्हॉन कुचेरा.
अक्षरं सुटी करताना आवाज फाटला,
दोनशे पोरांना रांगेत दटावताना कधी फाटत नाही.

लिंकनच्या विधानभवनात साक्षीच्या टेबलावर दिवे असतात.
हिरवा: बोला. पिवळा: आवरा. तांबडा: पुरे.
माणशी तीन मिनिटं.
माझ्या आधी मेंदूचे डॉक्टर बोलून गेले, आकड्यांसकट,
मग एक आई, फोटोसकट.
माझ्या पर्समध्ये एक चमचा होता.

शाळेतलाच. पोलादी, जाड दांड्याचा.
ऑक्टोबरात, बाहेर मक्याची कापणी चाललेली,
टोबायस नावाचा नऊ वर्षांचा पोरगा
ट्रेसकट माझ्या खिडकीसमोर कोसळला.
नर्स मंगळवारी यायची. तो गुरुवार होता.
आईनं सांगून ठेवलेलं, फेफऱ्यात माणूस जीभ गिळतो,
म्हणून मी त्याच्या दातांत हा घातला.

जीभ कुणी गिळत नसतं.
दात मात्र तुटतो.
समोरचा. दुधाचा नव्हे.

पिवळा लागला.
मसुदा वाचलाय मी, चष्मा लावून, दोनदा.
शिक्षकांना शिकवणार, नर्सला शिकवणार,
प्रत्येक मुलाचा कागद तयार ठेवणार,
औषध कुठल्या कपाटात तेही लिहिणार.
चांगलं आहे.
पण त्यात स्वयंपाकघर नाही. बसचा ड्रायव्हर नाही.
फरशी पुसणारा ऑर्व्हिल नाही.
आणि फेफरं काही वेळापत्रक बघून येत नाही.

तांबडा लागला.
मी उठले नाही.
अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. मी म्हटलं,
तुमचा दिवा लागला ना, तेव्हाही तो झटके देतच होता.
अजून एक मिनिट दहा सेकंद.

मग तेवढा वेळ मी गप्प बसून राहिले.
कुणीतरी पेन टेबलावर ठेवलं,
ते ऐकू आलं.

वसंतात कायदा झाला. आमच्यासाठी एकच ओळ वाढली:
'व शाळेतील इतर कर्मचारी.'
त्या 'इतर'मध्ये मी आहे,
तिथे अक्षरं सुटी करावी लागत नाहीत.

आता कुशीवर वळवायचं, डोक्याखाली घडी केलेला एप्रन,
फ्रीजरवरच्या घड्याळाकडे बघायचं,
जे आजवर फक्त मॅकरोनीसाठी होतं.
तोंडात काही म्हणजे काही नाही.

टोबायस रांगेत येतो.
खोटा दात खऱ्यांपेक्षा पांढरा.
पुडिंगची वाटी उचलतो,
चमच्याकडे बघतो, मग माझ्याकडे:
"हा मात्र माझा मीच घालतो हं."