बाकांचा हिशोब

हिवरबर्डीच्या लूथरन मंडळीचा खजिनदार मी.
खजिना म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात घंटेच्या दोराची पावती, दोन मेणबत्त्या
आणि बाकांची वही.

घरं सतरा.
पाळक महिन्यातून दोनदा येतात, मोर्शीहून, फटफटीवर.
उरलेल्या रविवारी शमुवेलमास्तर वचन वाचतात
आणि आमेनच्या आधी चष्मा शोधतात.

बाकं बारा. रविवारी त्यांवर आम्ही,
सोमवार ते शनिवार अख्खं गाव.
लग्न, बारसं, ग्रामसभा, विहारातला वर्षावास.
भागवत सप्ताहात माणसं सतरंजीवर बसली
आणि बाकांवर पोळ्यांची टोपली.
इलियाजरकाकांनी वही हातात देताना सांगितलं होतं,
'मोजून द्यायची, मोजून घ्यायची.
कायले पायजेत, हे कोनाले इचारायचं नाई.'

म्हणून तारीख, नाव,
गेली बारा, आली बारा.
कधी अकरा. मग मी सायकल काढतो.
एकदा एक नाल्यावर सापडलं,
बाया त्यावर गोधड्या आपटत होत्या.
शेवटची गोधडी पिळेपर्यंत मी दगडावर बसून राहिलो.

हळदीचे डाग आहेत, बुक्का आहे,
कुण्या पोट्ट्यानं कर्कटकानं कोरलेला बदाम आहे.
आणि पाठीमागे निळ्या ऑइलपेंटमध्ये
लू. मं.
दीर्घ ऊकार मास्तरांनी एकेका बाकाचा तपासलेला.

औंदा थंडीत मनिराम सुताराची आई पडली.
बयनाबाई. उजवं अंग गेलं.
वरुडच्या दवाखान्यात बायांच्या वॉर्डात
रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत,
आणि मनिरामच्या घरी दुसरं बाईमाणूस नाही.
तो बाहेर रसवंतीच्या बंद गाड्याखाली पोतं पांघरून.

चौघींनी रात्री वाटून घेतल्या.
मार्थाबाई, सुलभा रामटेके, करुणा,
आणि इलियाजरकाकांच्या मागे राहिलेली जोखनाबाई,
जिला स्वतःलाच गुडघे नाहीत.
शेवटच्या गाडीनं जायचं, पहिल्या गाडीनं यायचं,
आणि फाट्यावरूनच कापूस वेचायला.

सव्वीस रात्री.
याची वही नाही.
मी म्हटलं होतं, भाड्याचे पैसे डब्यातून घ्या.
मार्थाबाई म्हणाली, 'डब्यात हाय काय, मेणबत्त्या?'

पाळकांनी विचारलं, तिच्याजवळ प्रार्थना करता ना?
'मनात करतो. मोठ्यानं केली
तं म्हातारीले वाटन, आपण चाललो.'

सत्ताविसाव्या दिवशी पहाटे ती गेली.
करुणा होती जवळ.
वेणी घालून ठेवली होती तिनं म्हातारीची, रात्रीच.

तेरवीला बाकं गेली. बारा.
मनिरामनं ती स्वतः बैलगाडीतून परत आणली,
उतरवून ठेवली, पाणीही न पिता गेला.
मी मोजली. पुन्हा मोजली.
करुणाच्या पोराला मोजायला लावली.
तेरा.

तेरावं कोरं, बाभळीचं,
रंध्याचा वास अजून अंगाला.
पाठ इतरांपेक्षा चार बोटं उंच,
म्हाताऱ्या माणसाला डोकं टेकता येईल अशी.
मागे निळा रंग, अक्षर थरथरतं,
लु. मं.

ऱ्हस्व.

मास्तरांनी चष्मा लावला. काढला. पुसला.
म्हटलं, ब्रश आणू का?
म्हणाले, 'राहू द्या.'

वहीत लिहिलं, गेली बारा, आली तेरा.
शेजारी फरकाचा रकाना आहे.
तिथं काय लिहावं हे काकांनी सांगितलं नव्हतं.

रविवारी त्या बाकावर कुणी बसेना.
वचन सुरू झालं तरी ते रिकामंच.
मग उशिरा आली जोखनाबाई, भिंत धरत धरत,
आणि 'अगं माय' करून त्यावर टेकली.

आज सकाळी सरपंचाच्या घरून पोरगा आला,
'काका, बाकं पायजेत. बारा.'

म्हटलं, तेरा ने.
मोजून आण.