येते म्हणायचं नाही

नारीनच्या बालगृहात आम्ही सातजण उतरलो
तेव्हा बुर्माकान-एजेनं आधी बूट काढायला लावले,
मग चहा दिला,
मग नियम सांगितले. तीनच होते.
एकट्या मुलाला खाऊ द्यायचा नाही.
आईबाप कुठे आहेत, विचारायचं नाही.
आणि निघताना, पुन्हा येते, असं म्हणायचं नाही.

हे सांगताना दुभाषी मुलगी खिडकीबाहेर बघत होती.
बाहेर मार्च. किरगिझ मार्च,
नदीच्या काठांना बर्फ तसाच चिकटलेला,
भांड्याला खरवड चिकटते तसा.

वाउटर सुतार होता, त्याला पलंग मिळाले,
चाळीस पलंग, सगळे कुरकुरणारे.
हे-रिननं दोन दिवस नुसती डोकी विंचरली, उवांची.
मी सारा जन्म शाळेत भूगोल शिकवला.
पण मॉस्को कुठे आहे
ते त्या पोरांना माझ्याहून पक्कं ठाऊक.
कुणाची आई तिथे जिने पुसते,
कुणाचा बाप टॅक्सी चालवतो, किंवा चालवायचा.
न विचारताच सांगत होती.

मग एजेनं माझ्यापुढे कोटांचा ढीग टाकला.
सुई ओवायला मला किती वेळ लागतो ते बघून
आयझिरेक शेजारी येऊन बसली. वय नऊ.
दोरा ओठांत ओला करायची, एका झटक्यात ओवून द्यायची,
आणि माझ्याकडे असं बघायची
की ही बाई एवढ्या लांबून आली तरी कशाला.

चौथ्या दिवशी निळ्या कोटाची कॉलर उसवली.
आत नावं.
एकाखाली एक, कुणाचं लाल दोऱ्यात, कुणाचं काळ्या,
एक तर चक्क मासे पकडायच्या तंगुसात.
आयझिरेकनं बोट ठेवून वाचली:
चोल्पोन. मेएरिम. बर्मेत. झीबेक.
मग साबणाच्या चिपेनं खाली आपलं नाव काढलं
आणि कोट माझ्या मांडीवर ठेवला.
ती लिपी मला येत नव्हती.
पहिलीतल्यासारखी गिरवत गेले सुईनं.
एका अक्षराला शेपूट जास्त झालं,
तिनं दातानं दोरा तोडला. पुन्हा.

ही चोल्पोन कोण, मी विचारलं.
(नियमात बसत होतं की नव्हतं, कोण जाणे.)
आयझिरेकनं खिडकीकडे हनुवटी उडवली.
तिथे दुभाषी मुलगी उभी होती,
थंडगार चहाचा कप हातात तसाच.

त्या रात्री मला तिसरा नियम झोपू देईना.

आमच्याकडे उंबऱ्यात ‘जाते’ म्हणत नाहीत.
चुकून म्हटलंच, तर आई हात धरून परत बसवायची,
घोटभर पाणी पाजायची
आणि नीट वदवून घ्यायची, येते.
कोथिंबीर आणायला निघालं तरी येते.
सासरी निघाले तेव्हाही, रडता रडता, येते.
जाणं हे मेलेल्यांचं काम.

एकविसाव्या दिवशी अंगणात व्हॅन लागली.
फोटोसाठी मुलं आपणहून उभी राहिली,
उंच मागे, बुटकी पुढे, कुणी सांगावं लागलं नाही.
आयझिरेक निळ्या कोटात,
ऊन असून गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

तुमच्यात काय म्हणतात, मी चोल्पोनला विचारलं.
जाणारा म्हणतो, बरे राहा.
तिनं दोनदा सावकाश म्हणून दाखवलं.
मीही म्हटलं, एजेला, स्वयंपाकिणीला, सगळ्यांना.
आयझिरेकपाशी आले
आणि ‘य’साठी जीभ टाळूला टेकलीच होती.
मागे घेतली.
म्हटलं, जाते.
मराठीतच. कुणाला कळणार होतं.

पण आयझिरेकनं ताबडतोब काहीतरी विचारलं,
आणि चोल्पोन माझ्याकडे वळली:
म्हणजे काय, विचारतेय ती.

व्हॅन सुरूच होती.
दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.