रस : लाल

चौथा मजला, वडाळा. खिडकी उघडायची नाही.
मिठागरांवरचा वारा कपाटांना मानवत नाही.
दिवसरात्र एक यंत्र हवेतलं पाणी पितं,
सकाळी त्याची बादली मी मोरीत ओतते.
जे रान ओलीवरच वाढलं
त्याला आम्ही इथे ओलीपासून जपतो.
रुजू झाले तेव्हा याचं हसू यायचं.

माझं पद माउंटर. त्याला मराठीत काय म्हणायचं
हे संस्थेला अजून ठरवता आलेलं नाही.
नवरा सांगतो, पानं चिकटवते.
खरंच आहे.
मोरचूद घालून खळ शिजवायची, देठ दोऱ्याने टाचायचा,
एक पान मुद्दाम पालथं ठेवायचं,
पाठही दिसली पाहिजे, सबनीसबाई म्हणायच्या,
पाठीवरूनच खरी ओळख पटते.

आज तिलारीकडचा गठ्ठा सोडला,
छत्तीस वर्षं कुणी हात न लावलेला.
वर्तमानपत्राच्या घडीत रानजायफळ.
सिमेंटची जाहिरात, अर्धवट शब्दकोडं,
आणि शिरेला बिलगून एक जळू,
वाळून लवंगेच्या काडीएवढी झालेली.
भोवती डाग. काथाच्या रंगाचा.

लेबलवर सगळं आहे.
दलदल. मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली.
झाड पंचवीस मीटर. साल चिरल्यास रस : लाल.
संग्राहक : इं. ग. सबनीस.

पंचवीस मीटर!
बाई तर स्टुलावर चढतानाही
माझा खांदा धरायच्या.

डोंबिवलीला फोन लावला.
कोण चढलं होतं हो?
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाल्या, होता एक. धाकू की काय.
पायांतून रक्त वाहत होतं त्याच्या, हसत होता.
आम्ही ग्लुकोज बिस्किटांचा पुडा दिला.
आणि मग, तू जेवलीस का?

शाहीन नवीन आहे, हुशार आहे.
म्हणाली, डाग झाडाचा की माणसाचा,
दोन दिवसांत सांगते, फक्त टोकाएवढा तुकडा द्या.
मी म्हटलं, राहू दे.
का, ते तिला नीट सांगता आलं नाही.

गळालेलं काही असलं तर ते पाकिटात घालून
शीटच्या कोपऱ्यात डकवायचं असतं.
जळू पाकिटात ठेवली.
वर पेन्सिलीने लिहिलं :
धाकूसोबत खाली आली.
असं लिहायची पद्धत नाही.

पान कपाटात गेलं. क्रमांक पडला.
कागद रद्दीत टाकायचा, तसा नियमच आहे.
पण डाग आरपार गेला होता,
थेट कोड्यात :
उभे नऊ, दुसऱ्याच्या अंगावर जगणारे, चार अक्षरं.
बाईंच्या अक्षरात बां, मग ड,
पुढच्या दोन चौकटी लालसर, भरलेल्या.

घडी करून पर्समध्ये टाकला.
रात्री नवऱ्याने विचारलं, जुना पेपर कशाला आणलास?
म्हटलं, कोडं आहे.